दहावा क्लास, सत्तर टक्के

माझ्या दिव्यांग कार्डावर अपंगत्व 70 टक्के लिहिलेलं आहे आणि पॅरा टेबल टेनिसमध्ये माझा क्लास, म्हणजे खेळाडूंचा गट, 10 आहे. हे दोन आकडे एका दमात सांगितले की आमच्या गल्लीतल्या काकू म्हणतात, "बरे पडले की गं, दहावीला सत्तर." मी आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय. पण ज्यांच्या घरात माझ्यासारखं लेकरू आहे आणि ज्यांना त्याला पॅरा टेबल टेनिसमध्ये घालायचंय, ते आईबाप हल्ली हॉलवर येऊन मला गाठतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "टक्के जास्त असले की मेडल सोपं जातं का?" नाही जात. टक्क्यांचा आणि मेडलचा काडीचा संबंध नाही. का नाही, हे मला दिल्लीतल्या एका खोलीत कळलं. तिथवर पोचायला काय काय करावं लागलं ते एकदा लिहूनच काढते, म्हणजे दर वेळी हॉलच्या पायरीवर उभं राहून सांगायला नको.

माझा उजवा हात जन्मापासून कोपराखाली जेमतेम चार बोटं आहे. मापाची चार बोटं, खरी बोटं नाहीतच. त्यामुळे लिहिणं, जेवणं, वेणी घालणं सगळं डाव्याने. घरात याचा खरा त्रास कुणाला झाला असेल तर आज्जीला. हात नाही याचं तिला फारसं काही नव्हतं. डाव्या हाताने प्रसाद घ्यायचा कसा, ही तिची अडचण. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या देवळात ती माझा उजवा कोपर पुढे करायची आणि पुजाऱ्यांना सांगायची, "यात ठेवा." कोपराच्या खोबणीत खडीसाखर घेऊन, एक खडा न सांडता, तळ्याच्या कठड्यापर्यंत यायची मला लहानपणापासून सवय. ही सवय पुढे कुठे कामाला येईल हे आज्जीला काय, कुणालाच सुचलं नसतं.

टेबल टेनिस घरात आलं ते भावामुळे. रेल्वे लाइन्सकडे एका जुन्या हॉलमध्ये दोन टेबलं आहेत आणि रेल्वेतून रिटायर झालेले आमचे सर आहेत. भाऊ खेळायचा, मी चेंडू गोळा करायची. एका संध्याकाळी कुणी जोडीदार आला नाही म्हणून सरांनी बॅट माझ्या हातात दिली, थोडा वेळ चेंडू टाकले आणि भावावर ओरडले, "ही डावखुरी आहे की बे! आधी का नाही सांगितलास?" उजव्या हाताबद्दल चकार शब्द नाही. डावखुऱ्याची फिरकी उलट्या बाजूने येते, बाकीच्यांना तिची सवय नसते, आणि सरांना त्या वेळी तेवढंच दिसलं होतं. भाऊ पुढे क्रिकेटकडे गेला. मी राहिले.

सोलापुरात हा खेळ खेळायचा म्हणजे आधी उन्हाळा सोसायचा. चेंडूचं वजन अवघं 2.7 ग्रॅम. पंख्याच्या वाऱ्याने तो भलतीकडेच जातो, म्हणून खेळताना पंखे बंद. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशीच्या वर, आत पत्र्याखाली बंद पंख्याचा हॉल. अण्णा, म्हणजे वडील, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत, तिथले किनार फसलेले, सेकंडमध्ये काढलेले टॉवेल माझ्या बॅगेत कायम असतात. नियमाने प्रत्येक 6 गुणांनंतर घाम पुसायला थोडा वेळ मिळतो. बाकीच्यांना तेवढा पुरतो. मला त्यात चेहरा, डावा हात, बॅटची मूठ आणि कोपराची खोबण, एवढं सगळं एका हाताने उरकायचं असतं. बॅट काखेत दाबायची, टॉवेलचं एक टोक दातात धरायचं, दुसऱ्या टोकाने मूठ फिरवून पुसायची. टीव्हीवर दाखवण्यासारखं दिसत नाही, पण होतं.

खेळ जमत गेला, सर्व्हिस जमेना. नियम असा की चेंडू उघड्या तळहातावर मोकळा ठेवायचा, हात स्थिर ठेवायचा, तिथून तो फिरकी न देता जवळजवळ सरळ वर किमान 16 सेंटिमीटर उडवायचा आणि खाली येताना मारायचा. तळहातच नसेल तर? सुरुवातीला मी बॅटच्याच हाताच्या चिमटीत चेंडू धरून वर फेकायची. चेंडू जायचा वर, पण तोवर बॅट मागे न्यायला वेळ उरायचा नाही. सर्व्हिस कसली, समोरच्याला हातात दिलेला चेंडू. तो घ्यायचा आणि मारायचा, एवढंच त्याचं काम.

मग सरांनी एक दिवस मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. पोलंडची नतालिया पार्टिका. जन्मापासून उजवा हात कोपराखाली नाही. हिचं करिअर सरांना तोंडपाठ होतं, आता मलाही आहे. जन्म 1989 चा. 2000 मध्ये सिडनीच्या पॅरालिंपिकला ती उतरली तेव्हा वय 11. 2004 मध्ये अथेन्सला एकेरीचं सुवर्ण, वय 15. मग 2008, 2012, 2016, अशी लागोपाठ चार सुवर्णपदकं एकाच क्लासमध्ये. टोकियोत ऑस्ट्रेलियाच्या यांग छियानने ही साखळी तोडली आणि पार्टिकाला कांस्यावर थांबावं लागलं. याहून सरांना जास्त कौतुक दुसऱ्या गोष्टीचं. 2008 मध्ये बीजिंगला ती ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक दोन्ही खेळली. त्या वर्षी असं करणाऱ्या जगात दोघीच, दुसरी दक्षिण आफ्रिकेची जलतरणपटू नताली द्यु तोइत. पुढे लंडन, रिओ, टोकियोतही पार्टिका दोन्हीकडे होती.

पण त्या संध्याकाळी सरांनी मेडलचा भाग दाखवलाच नाही. सर्व्हिसच्या वेळी व्हिडिओ थांबवला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. चेंडू तिच्या उजव्या कोपराच्या खोबणीत होता. आज्जीने शिकवल्यासारखा.

कळणं वेगळं आणि येणं वेगळं. कोपर किंचित मिटला की चेंडू बसतो, इथवर ठीक. वर उडवायला मी कोपर उघडला की तो घरंगळत पुढे जायचा. जोरात झटका दिला की मागे, कानावरून. सर म्हणाले, कोपर हलवायचाच नाही, खांदा उचलायचा. म्हणजे खोबण तशीच राहते आणि चेंडू सगळा एकदम सुटतो. भिंतीवर त्यांनी खडूने दोन रेघा ओढल्या. एक माझ्या कोपराच्या उंचीला, दुसरी 16 सेंटिमीटर वर. त्या भिंतीला बाजू करून मी फक्त उडवायची, बॅट टेबलावरच. पूर्ण एक उन्हाळा बॅट न लावता चेंडू उडवला असं म्हटलं तरी चालेल. आईला वाटायचं सर फी घेऊन पोरीला खेळूच देत नाहीत.

रेघ ओलांडायला लागल्यावर घामाचं सुरू झालं. खोबणीत घाम साचला की चेंडू कातडीला क्षणभर धरून राहतो आणि सुटताना स्वतःभोवती फिरत, तिरका वर येतो. फिरकी आली की सर्व्हिस बाद. टॉवेल 6 गुणांनंतर, आणि सर्व्हिस तर दर दोन गुणांनी बदलते. म्हणून प्रत्येक सर्व्हिसआधी कोपर कमरेजवळ टी-शर्टला पुसून घ्यायचा, ही माझी पद्धत. समोरचे कधीकधी समजतात की मी मुद्दाम वेळ काढते. समजू देत.

सरांनी एक प्रयोगही केला होता, तो सांगते. लांबचा चेंडू मारताना मोकळा हात शरीराला तोलून धरतो. मला तो हात अर्धाच, त्यामुळे एका पारड्यात वजन न टाकलेल्या तराजूसारखी मी डावीकडे जायची आणि तिथेच राहायची. सरांनी वाळूची पुडी कापडात शिवून कोपराला पट्ट्याने बांधली. तोल सुधारला, पण सर्व्हिसची खोबणच झाकली गेली. पुडी अजून हॉलच्या खिडकीत आहे, दार आपटू नये म्हणून लावतात. नंतर पोटाचे आणि पाठीचे व्यायाम वाढवले, तेच खरं उपयोगी पडलं.

आता कागदपत्रं. यावर लोक फार विचारतात, पण सांगण्यासारखं थोडंच आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि सवलतींसाठी किमान 40 टक्के लागतात. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, सरकारी दवाखान्यात तपासणीला जायचं, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे हेच दिव्यांग कार्ड, घरी येतं. माझ्या लहानपणीच्या सर्टिफिकेटवर एका दवाखान्याने "पाच वर्षांनी फेरतपासणी" असं लिहिलं होतं. अण्णा त्या टेबलावर जाऊन शांतपणे म्हणाले, "साहेब, उगवला तर आम्हीच येऊन सांगू की." पुढच्या कार्डावर कायमस्वरूपी असं आलं. 70 टक्के कुठून आले, तर हात कुठून नाही यावरून. कोपराच्या वर नसेल तर जास्त, मनगटापाशी नसेल तर कमी, असा ठरलेला तक्ता असतो. तुम्ही काय काम करता, काय खेळता, याच्याशी त्या तक्त्याला देणंघेणं नाही.

कार्ड आलं, राज्याच्या निवडीतून नाव गेलं आणि राष्ट्रीय स्पर्धेसाठी दिल्लीला निघालो. मी, आई आणि आईने केलेला कडक भाकरी-शेंगा चटणीचा डबा, जो बघून कर्नाटक एक्सप्रेसमधला अर्धा डबा आमच्याशी बोलायला लागला. जानेवारी होता. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे दिवस, नंदीध्वजांची मिरवणूक चुकली म्हणून आज्जी फोनवर रुसली होती.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी क्लासिफिकेशन, म्हणजे कुणाचा क्लास कोणता ते ठरवणारी तपासणी. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पॅरा टेबल टेनिसमध्ये अकरा क्लास आहेत. 1 ते 5 व्हीलचेअरवरून खेळणारे, 6 ते 10 उभं राहून खेळणारे, 11 बौद्धिक दिव्यांग. व्हीलचेअरवाल्यांत काय आणि उभ्यांत काय, आकडा लहान तितकी हालचालीची मर्यादा जास्त. टोकियोत रौप्य जिंकलेली भाविना पटेल क्लास 4 ची. पार्टिका क्लास 10 ची. खेळ बदलला की क्लासही बदलतात. पॅरिसमध्ये गोळाफेकीत 16.32 मीटरवर रौप्य मिळवणारा सचिन खिलारी आमच्या सांगोल्याच्या शेजारच्या आटपाडी तालुक्यातला. त्याच्या हाताला दोष आहे आणि त्याचा गट एफ 46. तो एफ 46 आमच्या खेळात नाही, आणि माझा 10 त्याच्या खेळात नाही.

खोलीत तिघं होते, एक डॉक्टर, एक फिजिओथेरपिस्ट बाई आणि एक खेळातले जाणकार, बहुधा जुने कोच. आत एक माणूस सोबत चालतो, म्हणून आई होती. आधी एका संमतीपत्रावर सही. मी तपासणीला पूर्ण सहकार्य करीन, मुद्दाम कमी करून दाखवणार नाही, तसं केलं तर कारवाई होऊ शकते, असं त्यात होतं. आईने ते वाचलं नव्हतं. रांगेत उभी असतानाच ती कानात म्हणाली होती, "जरा कमीच जोर लाव गं." आईचंही काही चूक नाही, बाहेर बाकावर बसलेले निम्मे पालक तेच कुजबुजत होते.

फिजिओ बाईंनी टेपने दोन्ही दंड मोजले, लांबी आणि घेर, मग कोपराखालचा उरलेला भाग. खांदे वर, मागे, गोल फिरवून पाहिले. मग "ढकला", "ओढा", "थांबवा". त्या एका बाजूने जोर लावणार, मी उलट, आणि प्रत्येक स्नायूला 0 ते 5 मध्ये गुण. मला वाटलं होतं उजवा हात बघतील आणि सोडतील. त्यांनी मान, पाठ, कंबर, गुडघे, घोटे, सगळं बघितलं. डाव्या हाताचं तर प्रत्येक बोट. उजव्या खांद्याचे स्नायू डाव्यापेक्षा बारीक आहेत आणि पाठ थोडी डावीकडे कललेली आहे, हे मला तिथे पहिल्यांदा कुणी सांगितलं. इतक्या वर्षांत कुणी माझा उजवा हात एवढ्या कोरडेपणाने हाताळला नव्हता. ना "अरेरे", ना "किती हिंमतवान". मापं, आकडे, पुढचं. मला ते फार आवडलं. आईला नाही आवडलं, तिला त्या बाई तुसड्या वाटल्या.

मग टेबलापाशी. जाणकार गृहस्थांनी हिंदीत सांगितलं, रोज खेळता तसं खेळा. समोर एक मुलगा चेंडू टाकत होता. आखूड, लांब, डावीकडे, लगेच उजवीकडे. चेंडू टेबलावर पडला का इकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते बघत होते ते चेंडू मारल्यानंतरचं, मी तोल कसा सावरते, किती वेळात मध्यभागी परत येते. सर्व्हिस करायला सांगितली. दिल्लीच्या थंडीत कोपर कोरडाठाक, सोलापूरच्या घामाची सवय झालेला, चेंडू नेहमीच्या आधीच सुटायला लागला. पहिल्या काही सर्व्हिस जाळीत गेल्या. ते म्हणाले, "जाळीत जाऊ दे, फेक बघायची आहे." सराव कमी म्हणून चुकलेला चेंडू आणि शरीर साथ देत नाही म्हणून चुकलेला चेंडू यांतला फरक या माणसांना दिसतो. कमी जोर लावला असता तर तोही दिसला असता. कुणी तुमच्या खांद्याला हात लावून ढकलत असतं तेव्हा स्नायू खरा जोर लावतोय की सोंग करतोय हे कळतंच.

एवढ्यावर काम संपत नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष मॅचमध्येही ते कडेला बसून बघतात. खोलीतला माणूस आणि मॅचमधला माणूस वेगळे असू शकतात म्हणून.

संध्याकाळी भिंतीवर यादी लागली. नावापुढे 10. आईने खालून वर, वरून खाली दोनदा वाचलं. "सत्तर टक्के असून सगळ्यात शेवटचा नंबर? म्हणजे तुला काहीच झालेलं नाही म्हणतात का हे?" ती तडक फिजिओ बाईंकडे गेली. बाई तुसड्या नव्हत्याच, फक्त कामात होत्या. त्यांनी आईला बसवून समजावलं. कार्डावरचे टक्के एकूण जगण्यातलं नुकसान सांगतात, दोन हातांनी करायच्या किती गोष्टी अडतात ते. इथला क्लास फक्त टेबल टेनिसपुरता. ज्या हाताने ही खेळते तो हात पूर्ण आहे, दोन्ही पाय पूर्ण आहेत. अडचण सर्व्हिसची आणि तोलाची. उभं राहून खेळणाऱ्यांमध्ये ज्यांच्या खेळाला शरीर सगळ्यात कमी अडवतं, त्यांचा क्लास 10. आईने विचारलं, "मग अवघड की सोपा?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "खेळून बघा."

अवघड. पार्टिका चार वेळा जिंकली म्हणून तो क्लास सोपा असेल असं मला आतून कुठेतरी वाटत असावं. उलट आहे. क्लास 10 मधल्या वरच्या खेळाडू धडधाकट लोकांच्या स्पर्धांतही खेळतात. ब्राझीलची ब्रुना अलेक्झांड्रे, तिलाही उजवा हात नाही, 2024 मध्ये पॅरिसला ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक दोन्ही खेळली. म्हणजे या क्लासमध्ये तुम्हाला मेडल हवं तर क्लासबाहेरच्यांशी खेळायची तयारी लागते. सर मला पहिल्यापासून सोलापुरातल्या खुल्या स्पर्धांत का घालायचे ते मला त्या यादीसमोर उमगलं. तोवर मी ते त्यांचा हट्ट समजत होते.

पहिली मॅच मी हरले. समोरच्या ताईंचा एक घोटा आखडलेला. मी दोन-तीन चेंडू त्या बाजूला काढले आणि मलाच कसंतरी झालं, म्हणून मधे खेळायला लागले. ताईंना काही कसंतरी झालं नाही. त्यांनी पहिल्याच गेममध्ये ओळखलं की मी लांब डावीकडे गेले की परत यायला उशीर होतो. मग प्रत्येक चेंडू लांब डावीकडे आणि पुढचा अंगावर. मॅच संपल्यावर हात मिळवताना म्हणाल्या, "माझ्या पायावर का नाही खेळलीस? मी तुझ्या हातावर खेळले की." दुसऱ्या मॅचला मी कसंतरी वाटून घेतलं नाही आणि जिंकले. गटातून पुढे मात्र गेले नाही.

उरलेला वेळ व्हीलचेअरच्या मॅच बघण्यात गेला. त्यांचा नियम मला माहीत नव्हता. एकेरीत सर्व्हिस समोरच्याच्या बाजूला टप्पा पडून बाजूच्या कडेवरून बाहेर गेली तर लेट, म्हणजे गुण कुणालाच नाही, सर्व्हिस पुन्हा. ती मागच्या कडेवरूनच जायला हवी. नाहीतर चाकं फिरवून कुणी तिथवर पोचणार कसं? आणि मारताना मांडी गादीवरून पूर्ण उचलली तर गुण समोरच्याला. एक आजोबा तिथे प्रेक्षकांना सांगत होते की मुरलीकांत पेटकर 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण जिंकायच्या आधी, 1968 मध्ये तेल अवीवला टेबल टेनिस खेळले होते. पेटकर सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरचे. आईला ते ऐकून फार बरं वाटलं, जणू तिच्या माहेरचं कुणी निघालं.

पालकांसाठी दोन-चार गोष्टी राहिल्या. खेळाचे कपडे घालूनच जा, हाफ पँट आणि बिनबाह्यांचा शर्ट असला तर उत्तम. स्वतःची बॅट न्या, उसनी नको. कृत्रिम हात-पाय किंवा पट्टा लावून खेळत असाल तर तो न्या. जुने एक्स-रे, ऑपरेशनचे कागद न्या. निकाल पटला नाही तर हरकत घ्यायची ठरलेली पद्धत असते, खोलीत भांडायचं नसतं. आणि देशात मिळालेला क्लास परदेशी स्पर्धेत आपोआप चालत नाही, तिथलं पॅनेल नव्याने तपासतं. माझं ते अजून व्हायचंय, पासपोर्टचा फोटो काढून झालाय.

सोलापूरला परत आल्यावर महिन्याभरात एक खुली स्पर्धा होती. मी आता टेबल टेनिसच्या नियमांतलं 2.6.7 हे कलम छापून, लॅमिनेट करून बॅटच्या कव्हरमध्ये ठेवते. शारीरिक दोषामुळे सर्व्हिसची एखादी अट पाळता येत नसेल तर पंच ती शिथिल करू शकतो, असं त्यात आहे. पूर्वी दर मॅचला यावर वाद व्हायचा, आता मॅचआधीच दाखवते. त्या दिवशीचा पंच कॉलेजातला पोरगा होता. त्याने ते कलम दोनदा वाचलं, मान डोलावली, म्हणाला, "चालेल, ताई." दुसऱ्या गेममध्ये समोरच्या शाळकरी मुलीने तक्रार केली, चेंडू दिसत नाही. पंचाने लेट दिला, ताकीद दिली. पुढच्याच सर्व्हिसला थेट गुण तिला. मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "बरोबर दिलाय. सवलत तळहाताची आहे, चेंडू लपवायची नाही. कोपर पुढून बाजूला घे." चेंडू वर उडवल्याबरोबर मोकळा हात चेंडू आणि जाळीच्या मधून काढायचा हा नियम मलाही इतरांइतकाच लागू. उभं राहण्याचा कोन बदलला, ती गेम गेली, मॅच आली.

नंतर ती मुलगी पाण्याच्या टाकीपाशी आली. म्हणाली, "ताई, ही कोपरावरची सर्व्हिस मला शिकवाल का? कळतच नाही कुठून येते ते."

म्हटलं, "तुला नाही चालणार गं. तुला तळहात आहे, पंच फाउल देईल."